चारीच्या काठावरचा माणूस

चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला की समजावं, हा माणूस आता मार खायला तयार झाला. "हं, बोला भाऊ," म्हणून तो समोर उभा राहायचा. आमच्या गल्लीतले बहुतेक जण आधी हात चालवायचे, बोलायचे नंतर.

रस्त्याच्या कडेने केबलसाठी चारी खणत होते, तिथला तो सुपरवायझर. तुमच्याही दारात असा कोणीतरी येऊन गेला असेल. ठेकेदार जळगावातच राहतो म्हणे, पण त्याचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही. ओटा फुटला, फरशी उखडली, नळाचा पाइप तुटला, की सापडायचा हाच. "साहेबांना सांगितलंय, होऊन जाईल," एवढंच त्याच्याकडे उत्तर, आणि ते ऐकलं की माझं टाळकंच फिरायचं.

माझी पिठाची गिरणी. त्यांच्या मशीनने वायर तोडली आणि ऐन गर्दीत गिरणी बंद पडली, तेव्हा मी त्याला असं फैलावर घेतलं की गिऱ्हाइकं आपली पिठं विसरून ऐकत बसली. शेजारच्या काकूंनी तर चारीत साचलेल्या गटाराच्या पाण्याची बादलीच त्याच्यावर ओतली. हा तोंड पुसत म्हणतो, "काकू, नळाचं तरी टाकायचं!"

"नळाचं कुठून आणू, मेल्या? पाइप तूच फोडलास ना!"

सगळी गल्ली हसली. तोही हसला.

दुपारी तो माझ्या पायरीवर बसून भाकरी खायचा. दोंडाईच्याकडचा. आमच्याशी नीट मराठीत बोलायचा, पण थकला की अहिराणीवर यायचा. एकदा त्याचा ओठ फुटलेला पाहून मी म्हटलं, "अरे, चांगला धडधाकट आहेस, एखाद्याला एक ठेवून दे की!"

त्याने चारीत उतरलेल्या मजुरांकडे पाहिलं. सातपुड्याकडची नवरा-बायकोची जोडपी होती ती. "अक्का, मी सरकलो तर लोक यांच्यावर जातील. यासनं बठ्ठं पोट हातवर शे. माले दोन बसन्यात तं काय व्हस?"

मग नानांच्या दारातलं ते झालं. फुटलेल्या पाइपात गटाराचं पाणी शिरलं आणि आमच्या नळांना आलं. नाना माझ्या समोरच राहतात. त्यांची लहानगी नात जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात पडली. पोर डोळे उघडत नाही असं कळलं, तेव्हा आम्ही सगळेच पेटलो होतो. सकाळी नाना दवाखान्यातून आले ते घरात गेलेच नाहीत. काठावर पडलेली लोखंडी पहार उचलली आणि सरळ चारीकडे निघाले. खाली एक बाई वाकून माती काढत होती. तिचं वर लक्षच नव्हतं. नानांनी पहार उगारली.

हा धावत आला. चष्मा काढायलाही सवड मिळाली नाही. पहार त्याच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मी पायरीवरून ऐकला. "नाना, माले मारा! तिले नका!" दुसरा घाव कोपरावर. तो चारीत त्या बाईच्या अंगावरच कोसळला आणि तिला तसाच झाकून पडून राहिला. मग गल्लीतल्या बाकीच्यांना चेव आला. शिकलेसवरलेले, रोज नमस्कार करणारे लोक! लाथा काय, दगड काय, फावड्याचा दांडा काय! माणसं नव्हती हो ती. माझ्या हाताशी ज्वारीच्या पिठाचा डबा होता, त्यातलं पीठच मी त्यांच्या डोळ्यांत फेकलं आणि तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. ते डोळे चोळत मागे सरले. खाली पांढऱ्या पिठात त्याचं रक्त पसरत होतं.

पोलिसांना त्याने सांगितलं, "पाय घसरून पडलो." नानांची नात बरी होऊन घरी आली. नाना सिव्हिलमध्ये त्याला भेटायला गेले, तोवर घरचे त्याला गावी घेऊन गेले होते.

त्याच्या जागी गॉगलवाला एक जण आला, सोबत दोन दांडगे घेऊन. नळाच्या पाण्याला अजून वास येतच होता. नातीच्या काळजीने नाना नुसते विचारायला गेले, तेही हात जोडून. त्या दांडग्यांनी त्यांची कॉलर धरली आणि भर गल्लीत मुस्काटात दिल्या. पडल्यावर लाथही घातली. आम्ही आपापल्या दारात उभे होतो.

नानांनी कुठूनतरी ठेकेदाराचा नंबर मिळवला आणि माझ्या पायरीवर बसून फोन लावला. स्पीकर सुरू होता. "साहेब, तो आधीचा माणूस परत पाठवा. आता त्याला कोणी हात लावणार नाही, मी शब्द देतो."

ठेकेदार हसला. "नाना, त्याचा हात आता वर होत नाही. आणि तुम्ही मारणारच नसाल, तर मला त्याचा काय उपयोग?"

नानांनी फोन खिशात घातला. तेवढ्यात नळ आले. हंड्यात पडणाऱ्या पाण्याला गटाराची घाण येत होती. दोघे दांडगे समोर खुर्च्या टाकून बसले होते. जो तो आपापला हंडा भरून आत गेला. मीसुद्धा.