मागून मारलेली हाक

मी अमरावतीत एका दैनिकात वार्ताहर होते. माहेर अकोल्याचं. रोज जाणं-येणं जमेना म्हणून अमरावतीतच एक खोली घेतली होती. नोकरीला चार वर्षं झाली होती आणि पहिल्या पानावर माझ्या नावानं एकही बातमी आली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्यामागे याहून मोठं कारण नव्हतं.

त्या दिवसांत जिल्ह्यात दिव्यांगांच्या बोगस प्रमाणपत्रांची कुजबुज होती. ती खोटी नव्हती. काही धडधाकट माणसांनी प्रमाणपत्रं मिळवली होती आणि त्यांच्या जोरावर सोयीच्या बदल्या पदरात पाडून घेतल्या होत्या. पण ती माणसं वजनदार होती. त्यांचे कागद हाती लागत नव्हते, आणि लागले तरी छापायला कुणी धजत नव्हतं. आमचे आवृत्तीप्रमुख मला रोज म्हणायचे, "बाई, ऐकीव गोष्टी नको. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी आणा."

एका दुपारी मोर्शीहून संत्र्यांची बातमी करून एसटीनं परत येत होते. दोन बाकं पुढे चाळिशीचा एक माणूस बसला होता. त्यानं वाहकाला दिव्यांगाचा सवलतीचा पास दाखवला. मी निरखून पाहिलं. हात नीट, पाय नीट, खिडकीबाहेर बघत होता म्हणजे डोळेही नीट. मी मोबाइल हातात घेऊन ठेवला.

अमरावतीच्या बसस्थानकात गाडी थांबली. समोरच्या फलाटावरून भातकुलीची गाडी निघत होती. तो माणूस उतरला आणि पिशवी काखेत दाबून धावत सुटला. मी मागे धावले, व्हिडिओ सुरू ठेवून. "अहो भाऊ! थांबा! दिव्यांगाचा पास आहे ना तुमच्याकडे?" दोनदा, तीनदा ओरडले. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. तो मात्र वळला नाही. त्यानं दांडी पकडली, पायरीवर उडी घेतली आणि गाडी गेली.

आवृत्तीप्रमुखांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मथळा स्वतः दिला, 'पास दिव्यांगाचा, धाव हरणाची!' आत एक वाक्य होतं, 'प्रतिनिधीने जाब विचारताच त्याने न थांबता पळ काढला.' ते वाक्य माझं. मला ते फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर आली. छापील फोटोत त्याचा चेहरा धूसर केला होता, पण मोबाइलवर फिरला तो व्हिडिओ मूळचा होता. संध्याकाळपर्यंत तो आमच्या घरच्या ग्रुपवरही आला, कुठल्या तरी विनोदी गाण्यासह. लोकांनी खाली लिहिलं होतं, आमच्या पैशावर मजा मारतात, चाबकानं फोडा, सगळ्यांचे पास जाळा. अकोल्याहून बाबांचा फोन आला. ते निवृत्त शिक्षक. म्हणाले, "पोरी, आज चौकात लोकं मले थांबवून सांगून राहिले, तुमच्या पोरीनं काम केलं म्हणून."

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात एक बाई आली. निळी सुती साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले कागद. तिनं शिपायाला माझं नाव विचारलं आणि थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"तो व्हिडू तुमीच काढला?"

"हो. का?"

"तो मानूस माह्या घरचा हाय."

मी बसा म्हणाले. ती बसली नाही.

"बाई, तुमी त्यायले मांगून आवाज देला. त्यायले आयकू येत नाई. दहा वर्साचे होते तवा ताप आला, तवापासून दोनी कान गेले." तिनं प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. कर्णबधिर. शिक्का, सही, सगळं रीतसर. "हे पाहा. बह्यरा मानूस धावत नाई का? पाय तं चांगले हाय ना त्यायचे. मी माहेरी होती भातकुलीले, मले आनाले येत होते."

मी कागदाकडे बघत राहिले.

"ते पळून नाई गेले," ती म्हणाली. "त्यायले मालूमच नाई का कोनी बोलावून राह्यलं."

आणि मग तिनं विचारलं, "तुमी गाडीत होत्या ना संगं? तवाच समोर येऊन काहून नाई इचारलं?"

मी तिला म्हणाले, आम्ही खुलासा छापू. कागदांचे फोटो घेतले. ती गेली.

आवृत्तीप्रमुखांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "खुलासा छापला तर मोहीमच आडवी होते. जे खरे बोगस आहेत ते उद्या हेच दाखवतील, बघा, पेपरवाले कसे खोटे आहेत. चार दिवसांत वरून काहीतरी आदेश निघेल असं दिसतंय. तोवर थांबता येईल." मग म्हणाले, "पण बातमी तुमच्या नावाची आहे. तुम्ही म्हणत असाल तर आजच चार ओळी लावतो. बोला."

मला कुणी अडवलं नव्हतं, हेच मला सांगायचं आहे. पुष्कळ वर्षं मी लोकांना ही गोष्ट 'वरून दबाव होता' अशी सांगत आले. दबाव नव्हता. खोलीत आम्ही दोघंच होतो, दार उघडं होतं, आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी म्हणाले, "बघू, दोन दिवस थांबू."

दोन दिवसांत एका वाहिनीनं तो व्हिडिओ दाखवून चर्चा घेतली. नंतर विधिमंडळाच्या सभागृहात कुणीतरी बोललं. तिथं तो एक माणूस राहिलाच नाही, 'असे हजारो' झाले. आठवडा उलटायच्या आत आदेश निघाला की सगळ्या पासधारकांची फेरतपासणी होईल आणि नवं प्रमाणपत्र मिळेपर्यंत जुन्या पासावर सवलत मिळणार नाही. आमच्या पेपरात पहिल्या पानावर चौकट आली, 'आमच्या बातमीचा दणका'. माझा फोटो छापला. अकोल्यात एका संस्थेनं सत्कार केला. शाल, श्रीफळ. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. मी भाषणात 'सामान्य माणसाचा आवाज' असे शब्द वापरले. ते म्हणताना त्या निळ्या साडीची आठवण मला आली होती. आठवण आली नव्हती असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

तपासणीच्या शिबिराची बातमी करायला मलाच पाठवलं. मांडव घातला होता, पण माणसं मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत होती. काठीवाले, खुर्चीवाले, आईच्या कडेवर मोठी मुलं. बसची सवलत बंद, त्यामुळे बरेच जण कुणाच्या तरी टेम्पोतून आले होते. एका टेबलाशी कान तपासायच्या लोकांची नोंदणी चालली होती. कर्मचारी दारात येऊन यादीतलं नाव मोठ्यानं पुकारायचा. कुणी उठलं नाही की पुढचं नाव. समोर बाकावर बसलेली माणसं त्याच्याकडे बघत होती, काही हसून मानही डोलवत होती. त्यांना नावं ऐकू येत नव्हती. ज्यांच्यासोबत घरचं कुणी होतं तेवढेच आत जात होते. बाकीच्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं जात होतं.

मी ते पाहिलं. अर्धा तास पाहिलं. त्या कर्मचाऱ्याजवळ जाऊन एवढंच म्हणायचं होतं की भाऊ, नावं पाटीवर लिहा. तेवढ्यात दाराजवळ मला ती बाई दिसली. नवऱ्याचा दंड धरून, कान देऊन उभी होती. नाव आलं तशी तिनं त्याला पुढे ढकललं. मी मांडवाच्या खांबाआड सरकले आणि ते आत जाईपर्यंत तिथंच राहिले.

त्या दिवशीच्या माझ्या बातमीचा मथळा होता, 'तपासणीकडे अनेकांची पाठ'. गैरहजरांची यादी पाहून लोक म्हणाले, बघा, घाबरले. वजनदारांपैकी मात्र त्या रांगेत कुणीच नव्हतं. त्यांचे कागद घरपोच नवे झाले, असं पुढे कानावर आलं. ते मी लिहिलं नाही. पुरावा नव्हता.

नंतर दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. पश्चात्तापानं नव्हे, अकोल्यात महाविद्यालयात शिकवायची संधी मिळाली म्हणून. मुलांना वृत्तलेखन शिकवते. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमची सगळ्यात गाजलेली बातमी कोणती?" मी दुसरीच सांगितली. त्या रविवारी मोर्शीची गाडी धरली. पत्ता प्रमाणपत्राच्या फोटोत होता. तो फोटो मी पुसला नव्हता आणि कधी उघडलाही नव्हता.

मोर्शीच्या अलीकडचं गाव. दोन खोल्यांचं पक्कं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तो ओसरीत शिलाई मशीनवर बसला होता. बाईनं मला लगेच ओळखलं. पाणी दिलं. मग सांगितलं ते असं. अमरावतीत तो एका शिंप्याच्या दुकानात पँटी शिवायचा. व्हिडिओनंतर गिऱ्हाइकं हसू लागली. मालकानं महिनाभर सांभाळून घेतलं, मग म्हणाला, काही दिवस घरीच राहा. कान तपासणीची तारीख अकोल्याची मिळाली, तीही दोनदा पुढे गेली. नवं प्रमाणपत्र यायला सात महिने लागले. दुकानात दुसरा कारागीर आला होता. आता तो गावातच ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवतो. पोरं त्याला 'हरण' म्हणतात.

"त्यायले ते आयकू येत नाई," ती म्हणाली. "मले येते."

मी म्हणाले, "ताई, मी माफी मागायला आले. त्यांना सांगाल?"

"मी नाई सांगत." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमाले लिहिता येते. तुमी लिहून द्या. ते वाचतात."

आपल्या मुलीच्या वहीतलं पान तिनं फाडून दिलं. मी लिहायला बसले. एके काळी रोज मथळे पाडणारी बाई मी, पण पहिलं वाक्य चार वेळा खोडलं. प्रत्येक वाक्यात कुठून तरी 'परिस्थिती' शिरत होती, 'घाई' शिरत होती. शेवटी एवढंच उरलं, 'तुम्ही पळाला नव्हता. मला तिसऱ्या दिवशी कळलं. तरी मी ते छापलं नाही. चूक माझी.'

त्यानं मशीन थांबवून कागद वाचला. सावकाश, बोट फिरवत. मग कानावरची पेन्सिल काढली, खाली एक ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

'हे पेपरात येईन का?'

मी मानेनंच नाही म्हटलं. मी आता पेपरात नाही, हे सांगण्यासाठी पेन्सिल मागितली, पण त्यानं दिली नाही. कागदाची घडी करून मशीनच्या खणात ठेवली आणि पाय पुन्हा पॅडलवर ठेवला.

अकोल्याला परतल्यावर मी जुन्या दैनिकाला सविस्तर पत्र पाठवलं. तिथं आता दुसरे आवृत्तीप्रमुख आहेत. त्यांनी फोनवर आदरानं सांगितलं, "मॅडम, एवढ्या जुन्या गोष्टीत आता वाचकाला रस नाही." मग मी फेरतपासणी चालते त्या कार्यालयाला लिहिलं की कर्णबधिरांची नावं पुकारू नका, पाटीवर लिहा. पोच आली, उत्तर आलं नाही. तो आदेश अजून लागू आहे. बाबांनी सत्काराचा फोटो बैठकीत लावला आहे. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.