गोणपाटाखालची लादी

आमच्या बोईसरच्या प्रयोगशाळेत थंड मुलखातल्या रस्त्यांवर टाकायची मिठं तपासतात. साधं मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड बर्फावर सारख्याच मापाने टाकायचं आणि कोणतं लवकर वितळवतं ते बघायचं, हे माझं काम. एकदा फ्रीज बिघडला म्हणून मी जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरहून बर्फाची लादी आणायला गेलो.

लादी स्कूटरवर पायाशी ठेवली. शेजारी एक बाई मांदेली मासळीचा टप घेऊन रिक्षाची वाट बघत होती. मी उघडं पोर उन्हात निजवलं असावं, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"ही अशीच नेनार?"

"वितळवायलाच नेतोय," मी म्हणालो आणि तिला मिठांचं सांगितलं.

तिने ते नीट ऐकून घेतलं. "म्हंजे तिकडं बर्फ रस्त्यावर फुकट परतो, आनि लोकं त्याच्यावर मीठ टाकतात?"

"हो."

ती हसली नाही. तिने आपल्या टपावरचं ओलं गोणपाट काढलं, लादीभोवती गुंडाळलं आणि कोपरे खाली नीट खोचले.

"अहो, तुमची मांदेली?"

"ती बाजारात गेली का खपंल. तुमाला वितळवायचा तर तिकडं जाऊन वितळवा. वाटंत नाय."

रिक्षा आली आणि ती उघडा टप घेऊन निघून गेली.

प्रयोगशाळेत लादी जवळजवळ अख्खी पोचली. तिन्ही मिठं मोजून तयार होती. नेहमीप्रमाणे कॅल्शियमच पहिलं येणार, हे मला ठाऊक होतं. तरी गोणपाट काढायला मी जरा वेळ लावला.