निळ्या औषधाखालचे डाग

"तिसरी ओळ कुणी कापली?"

हेल्मेट काढायच्या आधीच मी ओरडले. शौकतभाई कटिंगच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी हातातला चाकू खाली ठेवला आणि ऑफिसकडे मान वळवली.

"मालकांनी कापाय लावली, म्याडम. काल तुमी गेल्याव. मी म्हणलंतं की, म्याडमना फोन करू द्या. म्हणले, नर्सरी माझी हाय का म्याडमची?"

तेव्हा मी कागलकडच्या एका नर्सरीत प्रॉपगेशन इनचार्ज होते. म्हणजे छाटकलमांपासून रोपं करायचं काम माझ्याकडे. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून रोज गाडीवर यायचं, आणि पहिली चक्कर मदर प्लांटच्या ओळींतून मारायची. मदर प्लांट म्हणजे ज्या झाडांची काडी कापून नवीन रोपं करतात ती मोठी झाडं. ड्रॅगन फ्रूट हे निवडुंगाच्या घराण्यातलं झाड. त्याची हिरवी, तीन कडांची फांदी कापून लावली की झाड तयार होतं. बियांपासूनही होतं, पण फळाला वर्षं लागतात आणि फळ कसं निघेल याचा भरवसा नाही. काडीपासून केलेलं रोप मात्र हुबेहूब आईसारखं. आईचा गोडवा येतो, तसा आईचा रोगही येतो.

तिसऱ्या ओळीला रोग होता. कॅंकर. बुरशीमुळे होतो. आधी बारीक पिवळट खळगे पडतात, मग ते नारिंगी-तपकिरी होऊन फुगतात आणि पावसाळ्यात फांदी सडत जाते. मी त्या ओळीला लाल पट्टी बांधली होती, "कापू नये" अशी पाटी लावली होती, आणि झाडं उपटून जाळायची परवानगी मालकांकडे कितीदा तरी मागितली होती. "बघू" यापलीकडे उत्तर आलं नव्हतं.

आता पट्टी जमिनीवर पडली होती आणि झाडांची नुसती खुंटं उभी होती.

"आणि चाकू?" मी शौकतभाईंना विचारलं. "प्रत्येक झाडानंतर स्पिरिटनं पुसला ना?"

ते म्हणाले, "एकच चाकू, एकच हात, म्याडम. तिसरी झाली की चौथी, चौथी झाली की पाचवी. मालक डोक्यावर उभे. पुसाय लागलो की म्हणायचे, टाइमपास नको."

चौथी आणि पाचवी ओळ निरोगी होती. ती मी स्वतः वाढवली होती. रोगट झाड कापलेल्या चाकूनं निरोगी झाड कापणं म्हणजे एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचणं. आता कुठली काडी चांगली आणि कुठली वाईट, हे मलाही सांगता आलं नसतं.

मी तडक ऑफिसात गेले. मालक मोबाइलवर होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, समोर गणपतीची छोटी मूर्ती. त्यांनी हातानं बसा अशी खूण केली. मी उभीच राहिले.

"दादा, तिसऱ्या ओळीची रोपं द्यायची नाहीत."

"आवो म्याडम, ऑर्डर मोठी हाय. चौगुल्यांचा टेम्पो आज येणार. थोडं डाग हायत तर काय कॅन्सर हाय व्हय?"

"कॅन्सर नाही, कॅंकर आहे. आणि पसरतो."

"औषधात बुडवून काढलंय सगळं. एक डाग दिसतोय का बघा जावा."

मी बघायला गेले. शेडनेटच्या जाळीखाली पिशव्या ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येक काडीवर निळसर थर होता. ताम्रयुक्त बुरशीनाशक होतं ते. वाळलं की निळी पूड धरते. वेळेवर मारलं तर नवीन लागण रोखायला उपयोगी औषध आहे, पण आत शिरलेला रोग ते काढत नाही. इथं मात्र ते दाट कालवून रंग दिल्यासारखं वापरलं होतं. डाग बरे झाले नव्हते, झाकले गेले होते.

मी एक काडी पिशवीतून उपसली. तिला मूळ नव्हतं. कसं असणार? काल कापून कालच लावली होती. ड्रॅगनची काडी कापली की आठवडाभर सावलीत, वारा लागेल अशी ठेवावी लागते. कापलेल्या तोंडाला खपली धरली की मगच ती मातीत जाते. ओल्या जखमेसह ओल्या मातीत घातली तर खालून पाणी होऊन सडते. नर्सरीत नवीन आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. आणि हे गृहस्थ नर्सरीचे मालक!

मी परत ऑफिसात गेले. "ही रोपं नाहीत, दादा. या नुसत्या मातीत खोचलेल्या काड्या आहेत. गिऱ्हाइकाला रोपं म्हणून कशा देताय?"

"तिकडं जाऊन धरत्यात मुळं. आणि नाही धरली तर म्हणायचं, पाणी जास्त झालं. शेतकरी पाणी जास्त घालतोच." ते हसले. "तुमाला नोकरी करायची हाय न्हवं? मग आज सुट्टी घ्या. घरी जावा."

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. कारण ऑर्डर कुणाची होती ते मला माहीत होतं. आनंदी चौगुले. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, कारखान्यात शिफ्टला, घरात चार म्हशी, आणि सासऱ्यांना उसाशिवाय दुसरं पीक म्हणजे पोरखेळ वाटायचा. वर्षभर मागं लागून तिनं त्यांच्याकडून उसाचा एक तुकडा मोकळा करून घेतला होता. सिमेंटचे खांब, वर फांद्या टेकायला रिंगा, सगळं उभं केलं होतं. नर्सरीत येऊन माझ्याकडून एकेक गोष्ट समजून घेऊन गेली होती. हे फसलं तर त्या घरात तिला पुन्हा कोण विचारणार होतं?

मी घरी गेले नाही. शेडमध्येच थांबले.

दुपारी टेम्पो आला. आनंदी पुढं बसलेली, शेजारी सासरे. म्हातारा ताठ, डोक्याला फेटा. उतरल्या उतरल्या म्हणाला, "ह्या काटेरी काड्यांसाठी माझा ऊस काढलास व्हय गं?"

"मामा, जरा दमा की," ती म्हणाली.

मालक हात जोडत बाहेर आले. "या पावणं! माल एक नंबर हाय. गडी भरून देत्यात, तुमी आत पंख्याखाली बसा."

आनंदी आत गेली नाही. ती माझ्याकडं आली. "म्याडम, चांगली हायत न्हवं? तुमी बघितलायसा न्हवं?"

मी मालकांकडं पाहिलं. त्यांनी डोळे वटारले. नळाजवळ पोत्याचा तुकडा होता, तो मी ओला केला, पहिल्या पिशवीतली काडी उचलली आणि पुसली. निळं निघून गेलं. खाली नारिंगी डाग, फोडांसारखे. दुसरी पुसली. तिच्यावरही डाग. तिसरीची साल तर पोत्याबरोबरच सुटून आली.

"घेऊ नका," मी म्हणाले. "ज्यांवर डाग दिसत नाहीत तीही घेऊ नका. सगळी एकाच चाकूनं कापलीत."

आनंदीचा चेहरा पडला. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं, ते आता काय म्हणणार या भीतीनं. मलाही तीच भीती होती.

म्हातारा पुढं आला. काडी हातात घेऊन उलटसुलट केली, अंगठ्यानं डाग दाबला. मग मालकांसमोर जाऊन उभा राहिला.

"सुनंचं पीक गेलं असतं तर मी हसलो असतो," तो म्हणाला. "तिची चूक असती तर. पर तुमी तिला ठरवून फसवाय बसलायसा. रंग फासून विख विकतायसा? लाज कशी वाटंना?"

"आवो काका, ह्या बाईला काय कळतंय? डोक्यावर परिणाम..."

"तिलाच कळतंय. आनंदी, बस गाडीत."

टेम्पो रिकामा गेला. मालक माझ्याकडं वळले. "उद्यापासून यायचं न्हाय."

"उद्याचं कशाला?" मी म्हणाले आणि हेल्मेट उचललं. गेटपाशी शौकतभाई आले. "बरं केलंसा म्याडम," एवढंच म्हणाले आणि मागं वळून पाहत आत गेले. त्यांचं घर त्या नोकरीवर चालत होतं. त्यांचा मला राग आला नाही.

पुढच्या आठवड्यात मी आनंदीला घेऊन कर्नाटक सीमेकडच्या एका जुन्या बागायतदाराकडं गेले. झाड न् झाड फिरून पाहिलं. पिकलेल्या, दमदार फांद्या निवडल्या, प्रत्येक झाडाला चाकू स्पिरिटनं पुसला. बुडाकडची साल तासून आतला कठीण गाभा उघडा केला, कारण मुळं तिथून फुटतात. काड्या आनंदीच्या गोठ्याच्या सावलीत वाळत ठेवल्या, वरची बाजू कुठली ते खडूनं खूण करून. उलटी लावली तर काडी रुसून बसते. पहिले काही दिवस म्हाताऱ्याच्या हातून पाण्याची बादली काढून घेणं हेच मोठं काम होतं. "तहानली असतील गं," असं म्हणत तो तिथंच घुटमळायचा. खपली धरल्यावर लावली, मुळं धरली, खांबाला लागली, आणि आता रिंगेवरून खाली झुकलीत. पहिलं फळ म्हाताऱ्यानंच कापलं. "बेचव हाय," म्हणाला आणि अर्धं खाऊन टाकलं.

तो निळा माल मात्र वाया गेला नाही. मालकांनी तो दुसऱ्या एकाला विकला. मला कळल्यावर मी त्या माणसाला फोन केला. "तुमचं नि मालकांचं भांडण हाय म्हणं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. पावसाळा संपता संपता त्याच माणसाचा फोन मला आला. अर्धी बाग सडली होती. नर्सरीनं त्याला सांगितलं होतं, पाणी जास्त झालं.

नर्सरी चालू आहे. बोर्ड नवीन लावलाय, त्यावर "रोगमुक्त रोपे" असं ठळक अक्षरात लिहिलंय. मी कृषी खात्याकडं तक्रार दिली आहे. ती कुठल्या टेबलावर आहे ते विचारायला अधूनमधून जाते.

तोवर एवढंच सांगते. रोपं घ्यायला गेलात तर आधी मदर प्लांट दाखवा म्हणा. झाडांऐवजी चहा पुढं आला, तर चहा प्यावा आणि टेम्पो रिकामा घेऊन परत यावं.