बांधातलं बीळ

समोर कोणीही असो, बाई आधी हाताचा तळवा वर करायच्या आणि म्हणायच्या, "थांबा जरा, त्याचं जेवण चाललंय." जेवण कोणाचं, तर पाखराचं. गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण या बाईंसाठी मी माझ्याच बांधावर, खांद्यावर फावडं घेऊन, पाच-पाच मिनिटं खांबासारखा उभा राहिलोय.

आमचं गाव शीळफाट्याच्या आतल्या अंगाला. डोंगरातली पायवाट झाडीतून उतरते ती आमच्या तळ्यावर. तळ्याचा बांध माझ्या आज्याने घातलेला, म्हणून तो मी कोणाला हात लावू देत नाही. बाई डोंबिवलीच्या, टेलिफोनच्या हापिसातून रिटायर झालेल्या. पळस फुलला की रोज सकाळी रिक्षाने यायच्या, झाडीत चक्कर मारून बांधाजवळच्या दगडावर बसायच्या. डब्यात माझीही पोळी असायची. मी चौथी शिकलेला. पण नुसत्या आवाजावरून तांबट पक्षी ओळखला, तर बाई वहीत माझं नाव घालून लिहायच्या आणि वाचून दाखवायच्या.

एका चैत्रात खंड्याने बांधाच्या मातीत बीळ केलं. निळ्या पंखांचा, लाल चोचीचा. बीळ राहिलं की पावसाळ्यात पाणी झिरपतं. मी बुजवायला निघालो, तर बाईंनी तळवा वर केला. "आत पिल्लं आहेत, दादा. पंधरा दिवस द्या. उडाली की मीच माती कालवून देते." मी हो म्हटलं.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर एकाने विचारलं, "काय रे, बाईने तुला पाखरांचा वॉचमन केला म्हणे?" सगळे हसले. मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चिकणमाती ठोकून बीळ बंद केलं.

बाई आल्या तेव्हा खंड्या लाइटच्या तारेवर होता, चोचीत मासा. बिळाकडे झेपावायचा, मातीला धडकायचा, परत तारेवर. मासा काही सोडत नव्हता.

"दादा, तुम्ही हो म्हणालेलात."

"बांध फुटला तर भात माझं जाईल. तुमचं नाही."

 बाईंनी दुर्बीण पिशवीत ठेवली आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत दगडावर बसून राहिल्या. त्या गेल्यावर मी पहार आणून बीळ उकरलं. कोपरापर्यंत हात आत घातला. काय सापडलं ते लिहीत नाही. मी उकरलेलं, एवढं तरी बाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चुकलो म्हणायची आमच्या घरात कोणाला सवय नव्हती.

पुढची दोन वर्षंही बाई आल्या. डब्यात माझी पोळी असायची. फक्त मी फावडं घेऊन निघालो की तळवा वर व्हायचा नाही. बाजूला सरकून मला वाट द्यायच्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या वर्षी पळस फुलून गळून गेला, बाई आल्या नाहीत. रिक्षावाल्याने सांगितलं, थंडीतच वारल्या.

आता बांधाखाली भात नाही, बिल्डिंगी आहेत. यंदा बांधात परत बीळ झालंय. मी बाईंच्या दगडावर जाऊन बसतो. खंड्या मासा धरून तारेवर येतो आणि माझ्याकडे बघत राहतो. बाईंनी सांगितलेलं, माणूस बघत असला की तो आत शिरत नाही. मग मी उठतो, पाठ करून उभा राहतो. मागे पंखांचा आवाज होईपर्यंत हलत नाही.