कुलूप प्रतीत आलं नाही

पोरी, फोन उचलू नकोस हवं तर, पण मावशीनं लिहिलेलं हे वाच. ऑफिसात तुला ‘कुलूपवाली’ म्हणायचे, ते का, हे कुणीतरी एकदा सरळ सांगायला हवं.

तर तू, म्हणजे या मावशीची भाची. इस्पितळात थेंबाथेंबानं औषध सोडणारी यंत्रं असतात, त्यांच्या स्क्रीनचं काम ती जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत करायची. तिथं प्रत्येक पेशंटचा एक ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे कप्प्यांचा डबाच: वजन, औषध, जास्तीत जास्त डोस. डोसच्या कप्प्याला तिनं कुलूप घातलं होतं. वाचा खुशाल, बदलायला गेलात तर प्रोग्राम तिथंच ओरडून थांबणार.

शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्यानं नव्या स्क्रीनसाठी त्या डब्याची प्रत काढली. डब्याच्या नावाआधी तीन टिंबं टाकली की निघते.

“ताई, बघून घ्या. कप्पान् कप्पा जुळतोय.”

तिनं आकडे ताडले. जुळत होते. “चालेल,” म्हणाली आणि घाईनं पर्स उचलली.

तीन टिंबं कप्प्यातला माल तेवढा उचलतात, कुलूप नाही. प्रतीचे सगळे कप्पे सताड उघडे. हे तिला तोंडपाठ होतं! वजनाला किलोऐवजी पौंडांचा मोठा आकडा धरून डोस वाढवणारी एक जुनी ओळ प्रोग्राममध्ये पडून होती. मूळ डब्यात ती कुलपावर आपटली असती. प्रतीत गुपचूप काम करून गेली. कपडे शिवून पोट भरणारी एक बाई साध्या ऑपरेशनला आली होती, ती पुन्हा उठलीच नाही.

दुरुस्ती एका ओळीची निघाली: प्रत काढताना कप्प्यांचे नियमही, म्हणजे कुलपंही, मागून घ्यायची.

“झालं ना नीट?” साहेब म्हणाले. “आता डोक्यातून काढून टाका.”

“कुणाचं नीट झालं?” तिनं विचारलं.

दाढीवाला रडला, रजेवर गेला, परत आला. ही पुन्हा ऑफिसात गेलीच नाही. पडदे ओढून बसते, समोरच्या चहावर साय धरते.

मावशी कडाडली, “चूक त्या दाढीवाल्याची, आणि सुतकी तोंड तुझं?”

“त्याला माहीत नव्हतं गं मावशी. मला माहीत होतं.”



त्या संध्याकाळी ‘चालेल’ म्हणून घाईनं पर्स उचलली होती ती मावशीचा नवा चष्मा आणायला. दुकान बंद झालेलं. “उद्या आणते,” म्हणाली होती. पावती अजून त्याच पर्समध्ये आहे. मावशी जुन्याच काचांनी वाचते.