शंकराला अर्धीच

तंजावूरच्या ट्रंक एक्स्चेंजात कृष्णवेणीने लोकांना बरीच वर्षे लाइनी जोडून दिल्या. "लाइनीवर राहा," असे ती म्हणाली की चिडलेला व्यापारीही मुकाट्याने राहायचा. मग गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, लोक आपापले नंबर फिरवू लागले आणि तिच्या हाताला काम उरले नाही. नेमके त्याच सुमारास तिच्या नवऱ्याला, प्रतापसिंहांना, अर्धांगवायूचा झटका आला. मोकळ्या वेळेचे काय करायचे हा प्रश्न देवाने परस्पर मिटवला.

प्रतापसिंह टाउन बसवर तिकीट तपासनीस होते. धावत्या बसमध्ये दांडी न धरता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा माणूस. आता डावा पाय ओढावा लागायचा. डॉक्टरांनी बजावले होते, चालला नाहीत तर हा पाय कायमचा बसेल. पण राजवाड्यामागच्या गल्लीत पाऊल टाकले की दारादारांतून "कसं आहे आता?" सुरू व्हायचे, आणि ते त्यांना अजिबात खपत नसे. ते खुर्चीला चिकटून राहिले.

वेणीने त्यावर वाद घातला नाही. वल्लमच्या वाटेवर एका खेड्याचे मोठे तळे होते. तिथे ओळखीचे कोणी नव्हते. "महादेवाला प्रदक्षिणा बोललें आहे," असे सांगून ती त्यांना रोज सकाळच्या बसने तिथे नेऊ लागली. बांधावर पिंपळाखाली खरेच एक शिवलिंग होते आणि गावकरी सगळे तळेच त्याचे मानत. देवाला मध्ये घातल्यावर नवऱ्याला नाही म्हणता येईना. बाई हुशार, यात शंका नाही.

पण नवराही तंजावूरचाच. बांधावरून थोडे गेले की तळ्याचा सांडवा लागे. त्यावर ताडाची दोन खोडे टाकलेली होती, आणि पलीकडे वाट तळ्याला वळसा घालून पुन्हा पिंपळापाशी यायची. खोडांपाशी आले की प्रतापसिंह थांबत.

"पोदुम्, वेणी," ते म्हणत. तमिळ पोदुम् म्हणजे आपले पुरे. "शंकराला अर्धीच. त्याचें पाणी ओलांडीत नाहीत."

शास्त्र बिनचूक होते. पायाला सुटलेला कंपही तिला दिसत होता, पण ती त्याविषयी चकार शब्द काढत नसे. नवऱ्याची भीती त्याच्या तोंडावर न बोलणे किती अवघड असते, हे ज्याचे त्याने आठवावे. ते दगडावर बसत, ती खोडांवरून पलीकडे जाई, केवड्याच्या बेटापर्यंत पोचली की मागे वळून बघे आणि परत येई. बेटापलीकडचे तळे तिने कधी पाहिलेच नाही. असे वर्ष गेले. पाय सुधारला नाही, बिघडलाही नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी केवड्यापाशी ती वळणार, तोच पलीकडून पंखांची फडफड ऐकू आली. म्हणून ती चार पावले पुढे गेली. तिकडे पाणी लांबवर पसरले होते, त्यात शेकडो करकोचे उतरले होते, आणि काठावरच्या भातखाचरांत धुके अजून रेंगाळत होते. वेणी नारळाच्या पडलेल्या खोडावर टेकली. कोणाला औषध द्यायचे आहे, कोणाची लाइन तुटते आहे, काही काही मनात उरले नाही. तिला फार बरे वाटले.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे पाय ओढल्याचा आवाज आला. वळून बघते तो प्रतापसिंह, घामाने निथळलेले, एका हाताने केवड्याची फांदी धरून उभे.

"कोठें गेलीस? हाका मारून घसा बसला माझा."

त्यांच्या पांढऱ्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, मागची बाजू चिखलाने आणि शेवाळाने माखली होती.

"वेष्टीला काय झालें?"

"ओलांडलें नाही मी," ते गंभीरपणे म्हणाले. "बसून सरकत आलों. बसून आलेल्यास दोष नाही."

ती हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. झटक्याच्या दिवशीसुद्धा रडली नव्हती ती.

"मी तुम्हांला विसरलें होतें," ती म्हणाली. "अगदीं विसरलें."

प्रतापसिंह तिच्या शेजारी टेकले. करकोच्यांकडे बघत राहिले. वर्षभर तिने त्यांना क्षणभरही नजरेआड केले नव्हते, आणि तेवढ्यानेच त्यांना तो दगड सुटत नव्हता, हे दोघांनाही तेव्हा कळले असावे.

"बरें केलेंस," ते म्हणाले, आणि तिच्या खांद्याचा आधार न घेता उठले. "चल. आतां मागें फिरलों तर पुन्हा तें पाणी आहे. पुढूनच जाऊं."