कॅप्टनचा आवाज

लिफ्टमध्ये शेजारचे कॅप्टन सरदेसाई भेटले. अंगावर पांढरा गणवेश, सोबत भाजीची पिशवी घेतलेल्या वहिनी. वैमानिकांच्या युनियनचा करार झाल्याचं कानावर आलं होतं, म्हणून विचारलं.

“झाला. पण पगारवाढ ठरली ती बोलणी सुरू झाली तेव्हाच्या महागाईवर. आता पुढच्या करारापर्यंत हेच.”

विमानात ‘थोडे हादरे बसतील’ असं सांगतात ना, त्याच संथ आवाजात. तो ऐकून आपण निर्धास्त डोळे मिटतो. पण बोलणी लांबली की ती करणारी माणसं थकतात, उठून चहाला जातात. भाव कुठे उठून जातात? ते चढतच असतात.

वहिनी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणाल्या, “घरीही ह्यांचा हाच आवाज असतो. खरंच घाबरायचं कधी, तेच कळत नाही.”